डिझेल क्रॉसओव्हर घेताना आणि वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी घ्यायची ठरली की ओळखीतले आणि ओळखीच्या ओळखीतले लोक मला विचारतात, कारण मी राहतो पुण्यात, गाव राजापूरकडे, आणि गाडी डिझेल क्रॉसओव्हर. तेच प्रश्न सारखे येतात म्हणून इथे एकत्र केलेत. माझी गाडी बीएस-६ (प्रदूषणाच्या २०२० पासूनच्या नियमांतली), दीड लिटर इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण मग गप्पा ब्रँडवर जातात आणि डिझेल राहून जातं.

१. क्रॉसओव्हर म्हणजे एसयूव्हीच ना? मग वेगळं नाव कशाला?

दिसायला एसयूव्ही, आतून कार. स्कॉर्पिओ, बोलेरो या गाड्यांना खाली शिडीसारखी चेसिस असते आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असते. क्रेटा, सेल्टॉस, नेक्सॉन, सोनेट, व्हेन्यू, एक्सयूव्ही ३एक्सओ यांची बॉडी आणि चेसिस एकच असते, हॅचबॅकसारखी, फक्त उंची जास्त आणि ग्राउंड क्लिअरन्स १९०-२०० मिमीच्या आसपास. त्यामुळे वळणावर कमी झुलते, अ‍ॅव्हरेज बरं मिळतं, चढ-उतार करायला घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोपं जातं. पण या सगळ्या क्रॉसओव्हर फ्रंट व्हील ड्राइव्ह आहेत, म्हणजे इंजिनची ताकद फक्त पुढच्या चाकांना, हे लक्षात ठेवा. गावाकडचा खड्ड्यांचा रस्ता, मातीची चढण ठीक, पण समुद्रकिनाऱ्यावर वाळूत घालायची गाडी ही नाही. पुढची चाकं रुतली की जेवढी रेस द्याल तेवढी खाली जाते, त्यात भरती आली तर काय होतं याचे व्हिडिओ दरवर्षी सुट्टीत फिरत असतात.

२. महिन्याला किती किमी फिरलं तर डिझेल परवडतं?

हिशोब आपण स्वतः करायचा, शोरूममधला सेल्समन सांगेल तो धरायचा नाही. उदाहरण देतो. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि डिझेल ९१ धरा (तुमच्या गावचा भाव टाका). पेट्रोल क्रॉसओव्हर शहर-हायवे मिळून १२ चं अ‍ॅव्हरेज देते आणि डिझेल १६ चं, असं धरलं तर किमीला पेट्रोलचा खर्च साधारण ८ रुपये ६५ पैसे आणि डिझेलचा ५ रुपये ७० पैसे, म्हणजे किमीमागे तीन रुपयांच्या आसपास वाचतात. आता दोन्ही गाड्यांच्या ऑन रोड किमतीत पावणेदोन लाखांचा फरक असेल तर तो भरून निघायला ५८-५९ हजार किमी लागतात. महिन्याला हजार किमी फिरणाऱ्याला जवळपास पाच वर्षं, दोन हजार फिरणाऱ्याला अडीच वर्षांच्या आत.

फरक काढताना एक्स-शोरूम किंमत धरू नका, ऑन रोडच धरा. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि त्यावर १३ टक्के आहे, डिझेलला हेच आकडे १३, १४, १५. म्हणजे आधीच महाग गाडी, तिच्यावर दोन टक्के जास्त टॅक्स, वर इन्शुरन्सही थोडा जास्त.

जीएसटीचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्क्यांत बसते, त्याहून लांब गाडीला ४० टक्के. त्यामुळे नेक्सॉन, सोनेट, व्हेन्यू, ३एक्सओ या छोट्या डिझेल गाड्या आता क्रेटासारख्या मोठ्यांच्या मानाने चांगल्याच स्वस्त पडतात.

पण एवढा हिशोब करूनही मी लोकांना आधी वेगळाच प्रश्न विचारतो, तो पुढच्या उत्तरात आहे.

३. दादा, माझं ऑफिस ८ किमीवर आहे, वर्षातून चार-पाच वेळा गावाला जातो. डिझेल घेऊ का?

नको. अगदी मनापासून सांगतो, नको घेऊ.

महिन्याला किती किमी यापेक्षा ते किमी कसे होतात हे डिझेलमध्ये जास्त महत्त्वाचं. समजा दोघांचंही रनिंग महिन्याला ८०० किमी आहे. एकजण दर शनिवार-रविवारी पुणे-सातारा करतो आणि आठवडाभर बाइकने जातो. दुसरा रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये थोडं थोडं अंतर कापतो. पहिल्याची डिझेल गाडी वर्षानुवर्षं तक्रार करणार नाही, दुसऱ्याची वर्ष-दीड वर्षात सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या मारायला लागेल. आधुनिक डिझेल इंजिनला पूर्ण तापायला वेळ लागतो, आणि तापून काही वेळ तसंच राहणं ही त्याची गरज आहे. ८ किमीत ते जेमतेम कोमट होतं आणि तुम्ही बंद करता. वर्षातल्या चार-पाच गावच्या ट्रिपांनी मधल्या दोन-अडीच महिन्यांची काजळी सुटत नाही.

माझा साधा नियम असा आहे की आठवड्यातून निदान एकदा न थांबता अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर गाडी चालणार असेल तरच डिझेल. नसेल तर पेट्रोल घ्या, सीएनजी घ्या, रोजचं जवळचंच असेल तर इलेक्ट्रिक बघा. का ते पुढच्या प्रश्नात.

४. डीपीएफ म्हणजे काय आणि सगळे त्याला एवढे का घाबरतात?

१ एप्रिल २०२०ला देशात बीएस-४ वरून थेट बीएस-६ आलं. त्याच वेळी मारुतीने डिझेल बंद केलं, आणि ज्यांनी चालू ठेवलं त्यांच्या गाड्यांच्या सायलेन्सर लाइनमध्ये डीपीएफ आलं. ती एक जाळी आहे, मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक भोकं असलेली, जी धुरातली काजळी अडवते. जुन्या डिझेलच्या मागे जो काळा धूर दिसायचा तो या गाड्यांच्या मागे दिसत नाही तो हिच्यामुळे.

आता अडवलेली काजळी कुठे जाणार? ती तिथेच जाळून टाकावी लागते, त्यालाच रिजनरेशन म्हणतात, बोलताना सगळे रिजन म्हणतात. हायवेला गाडी बराच वेळ सलग चालली की धूर इतका गरम असतो की काजळी आपोआप थोडी थोडी जळत राहते. शहरात तेवढी उष्णता येत नाही, मग जाळी ठरावीक भरली की कॉम्प्युटर स्वतःच रिजन सुरू करतो, म्हणजे सिलिंडरमध्ये उशिरा थोडं जादा डिझेल सोडतो, ते पुढे जाऊन जळतं आणि जाळीचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं. याला साधारण दहा ते वीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ गाडी चालू पाहिजे, चालती असेल तर उत्तम.

गडबड होते ती इथे. रिजन सुरू झालं आणि तुम्ही पार्किंगमध्ये पोचलात, गाडी बंद केली. दुसऱ्या दिवशी परत सुरू झालं, परत बंद केली. असं होत राहिलं की काजळी साठत जाते, आणि ते जादा सोडलेलं डिझेल पुरतं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं (त्याचं पुढे काय होतं ते प्रश्न ११ मध्ये).

घाबरायचं कारण मला तरी दिसत नाही. ज्याचं रनिंग प्रश्न ३ मधल्या नियमात बसतं त्याला आपल्या गाडीत डीपीएफ आहे हे आठवणारही नाही.

५. गाडी लावल्यावर इंजिन बंद तरी फॅन जोरात चालू, जळका वास, आणि त्याआधी आयडलला आरपीएम वाढला होता. काही बिघडलंय का?

बहुतेक वेळा नाही. रिजन चालू होतं आणि तुम्ही मधेच बंद केलीत एवढंच. ओळखायच्या खुणा म्हणजे आयडलचा आरपीएम नेहमीपेक्षा शंभर-दोनशेने वर, स्टार्ट-स्टॉप सिस्टिम असेल तर ती काम करत नाही, स्क्रीनवरचं चालू अ‍ॅव्हरेज एकदम पडतं, आणि एग्झॉस्टचा आवाज थोडा जड होतो. अशा वेळी शक्य असेल तर घराजवळ आल्यावर बंद न करता आणखी एक मोठी चक्कर मारा. नसेल शक्य तर सोडून द्या, एखाद्या वेळी मधे तुटलं तर काही होत नाही, रोज रोज तुटायला नको. एक मात्र पाळा, रिजननंतर लगेच वाळलेल्या गवतावर किंवा पालापाचोळ्यावर गाडी लावू नका, खालचा भाग भयंकर तापलेला असतो.

६. डीपीएफचा पिवळा लाइट लागला, आता काय करू?

नुसता पिवळा लाइट स्थिर लागला असेल, बाकी कुठला लाइट नाही आणि गाडीची ताकद कमी झालेली नाही, तर मोकळ्या रस्त्याला जा आणि २०-३० मिनिटं ६०-८० च्या स्पीडने, एक गिअर खाली ठेवून, आरपीएम दोन हजारांच्या वर राहील अशी सलग चालवा. पुण्यात असाल तर पहाटेचा सातारा रस्ता त्यासाठी चांगला. आधी टाकी बघा, बऱ्याच गाड्यांमध्ये डिझेल रिझर्व्हला आलं असेल तर रिजन सुरूच होत नाही.

लाइट ब्लिंक होतोय, सोबत चेक इंजिनही लागलाय किंवा गाडी तीन हजारांच्या वर रेसच घेत नाही, तर मग स्वतः प्रयोग नकोत, सरळ सर्व्हिस सेंटर. तिथे मशीन लावून फोर्स्ड रिजन करतात. बॅटरीची वायर काढून लाइट घालवून देणारे फिटर भेटतील, लाइट जातो पण काजळी आहे तिथेच राहते.

७. खरं अ‍ॅव्हरेज किती मिळतं? कंपनीचा आकडा सोडून सांगा.

माझ्या गाडीला पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये १४-१५, हायवेला ८०-९० च्या स्पीडने २० च्या आसपास. समृद्धीला १२० ची परवानगी आहे म्हणून क्रूझ लावून १२० ने गेलात तर तेच १६ वर येतं, उंच गाडीला वारा जास्त अडवतो. टाकी फुल टू फुल करून मोजा, स्क्रीनवरचा आकडा बहुतेक वेळा थोडा चढाच असतो.

८. घाटात कशी चालते? आम्हाला सारखं कोकणात जायचं असतं.

इथेच डिझेलचा पैसा वसूल होतो.

आकडा सांगतो म्हणजे कळेल. क्रेटाच्या दीड लिटर डिझेलला २५० एनएम टॉर्क (गाडी ओढायचा जोर) १५०० ते २७५० आरपीएममध्येच मिळतो. त्याच गाडीच्या साध्या दीड लिटर पेट्रोलला १४४ एनएम, तोही ४५०० आरपीएमला. घाटात याचा अर्थ असा की पाच माणसं, मागे तांदळाचं पोतं आणि आंब्याच्या पेट्या, एसी चालू, आणि अणुस्कुराच्या वळणांवर तुम्ही तिसऱ्या गिअरवर आरामात वर येता, इंजिन ओरडत नाही. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेल्या पेट्रोललाही जोर असतो हे खरं, पण तिथे तसं चालवलं की अ‍ॅव्हरेज फार खाली येतं, डिझेलला तेवढा फटका बसत नाही.

दोन गोष्टी मात्र शिकून घ्याव्या लागतात. पहिली, टर्बो लॅग. दीड हजाराच्या खाली इंजिन झोपलेलं असतं, त्यामुळे उभ्या चढाच्या यू-वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये अगदी स्लो आलात तर गाडी गुदमरते, वळणात शिरायच्या आधीच पहिला टाका, लाज वाटून घेऊ नका. आंबा घाट रुंद आहे तिथे हे जाणवत नाही, अणुस्कुरा किंवा पावसाळ्यातला ताम्हिणी इथे जाणवतं.

दुसरी गोष्ट उतरताना. न्यूट्रल करून उतरायची आपल्याकडे जुनी सवय आहे, डिझेल वाचतं म्हणून. या गाड्यांमध्ये उलट आहे, गिअरमध्ये असताना पाय काढलात की इंजेक्टर डिझेल सोडायचंच बंद करतात, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलसाठी डिझेल जळत राहतं. शिवाय ब्रेक तापून पॅडल मऊ पडायला लागलं तर खाली दरी आहे. ज्या गिअरवर चढता साधारण त्याच गिअरवर उतरा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडला घेऊन दुसरा-तिसरा पकडून ठेवा.

आणि घाट चढून वर चहाला थांबलात की लगेच चावी फिरवू नका. टर्बो लाखाच्या वर आरपीएमने फिरत असतो आणि लालबुंद तापलेला असतो, इंजिन बंद केलं की त्याला मिळणारं ऑइल बंद. अर्धा ते एक मिनिट आयडलला राहू द्या, तोवर मागची मंडळी उतरतातच.

९. रोजच्या ट्रॅफिकमध्ये क्लच जड लागतो का? ऑटोमॅटिक घ्यावी का?

जड लागतो. पेट्रोलपेक्षा नक्कीच. सिंहगड रोडला संध्याकाळी तासभर अडकलात तर डावा गुडघा सांगतो. वरून हाफ क्लचवर गाडी सरकवत राहायची सवय असेल तर क्लच प्लेट लवकर जाते आणि ज्या गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे धक्के शोषणारी जड चकती) आहे तिथे ते सोबत बदलायची वेळ आली की बिल मोठं येतं, पेट्रोलच्या क्लचच्या कितीतरी पट. बजेट असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पोचवणारी) ऑटोमॅटिक घ्या, डिझेलच्या टॉर्कला तो गिअरबॉक्स छान जुळतो आणि घाटाच्या चढाला मागे सरकत नाही. एएमटी (मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअर मशीन बदलतं) स्वस्त आहे, पण चढावरच्या ट्रॅफिकमध्ये मला ती आवडत नाही.

१०. डिझेल गाडीत निळ्या झाकणातून पाण्यासारखं काहीतरी टाकावं लागतं म्हणे, ते काय?

ते डीईएफ, लोक अ‍ॅडब्लू किंवा नुसतं युरिया म्हणतात. ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी. ते डिझेलमध्ये मिसळत नाही, त्याची वेगळी टाकी असते आणि ते एग्झॉस्टमध्ये फवारलं जाऊन नायट्रोजन ऑक्साइड कमी करतं. सगळ्या डिझेल गाड्यांना लागत नाही, काहींमध्ये दुसऱ्या पद्धतीने काम होतं, तुमच्या गाडीच्या डिझेलच्या झाकणाशेजारी निळं झाकण आहे का बघा, नसेल तर हा प्रश्न सोडून द्या.

लागत असेल तर साधारण हजार किमीला एक-दीड लिटर जातं. हायवेवरच्या पंपांवर कॅन मिळतो, कारण बीएस-६ ट्रकनाही तेच लागतं. संपत आलं की स्क्रीनवर अजून किती किमी चालेल ते उलटं मोजायला लागतं आणि शून्य झाल्यावर एकदा बंद केलेली गाडी परत चालूच होत नाही, म्हणून लांबच्या प्रवासाआधी बघून घ्या. खताचा युरिया घरच्या पाण्यात कालवून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, क्षार जमून पूर्ण सिस्टिम बाद होते.

११. सर्व्हिसला किती खर्च येतो? आणि ऑइल आठवड्यात काळं पडतं ते नॉर्मल आहे का?

काळं पडणं एकदम नॉर्मल, डिझेलचं ऑइल काजळी धरूनच ठेवतं. रंगावरून काही ठरवू नका.

लेव्हल मात्र बघत जा, आणि इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ऑइल कमी होणं जसं वाईट तसं डिपस्टिकवर लेव्हल वाढणंही वाईट. वाढली म्हणजे अर्धवट रिजनमुळे डिझेल ऑइलमध्ये उतरलंय (प्रश्न ४), ऑइल पातळ झालंय, बेअरिंगला आणि टर्बोला ते पुरत नाही. मॅक्सच्या खुणेच्या वर दिसलं आणि डिझेलचा वास आला तर किमी व्हायची वाट बघू नका, ऑइल बदला.

खर्च पेट्रोलपेक्षा जास्त येतो, कारण ऑइल जास्त लिटर लागतं, डिझेल फिल्टर महाग असतो. ऑइल घेताना मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आणि जे स्पेसिफिकेशन लिहिलंय तेच. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं. बाहेरच्या गॅरेजात ५डब्ल्यू-३० सांगितलं की ते देतील ते ऑइल ग्रेडने बरोबर असेल पण डीपीएफसाठी चुकीचं असू शकतं. काजळी जळते, राख जळत नाही, ती जाळीत कायमची बसते. माझं ऑइल एकदा एका वर्कशॉपमध्ये साधं भरत होते, डबा बघायला मागितला म्हणून कळलं. डबा बघायला मागायचाच, कोणी रागावलं तरी चालेल.

१२. पावसाळ्यात डिझेलची काही वेगळी काळजी?

आहे. डिझेलमध्ये पाणी. टाकीत हवेतलं बाष्प जमतं, कधी पंपाच्या टाकीतूनच पाणी येतं, आणि कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच पाइपमधून दाबाखाली डिझेल मिळतं अशा) प्रेशर हजार-दीड हजार बारच्या वर असतं त्यामुळे पाण्याचा थेंबही पंपाला आणि इंजेक्टरला चालत नाही. म्हणून डिझेल फिल्टरमध्ये पाणी वेगळं करायची सोय असते आणि ते साठलं की लाइट लागतो. लाइट लागला तर त्याच दिवशी काढून घ्या. जोरदार पाऊस चालू असताना, पंपाच्या आवारात पाणी तुंबलेलं असताना तिथे डिझेल भरू नका, पुढचा पंप बघा.

साचलेल्या पाण्यातून जाताना उंच गाडी आहे या भरवशावर राहू नका. हवा आत घेणारा पाइप कुठे आहे ते बॉनेट उघडून एकदा बघून ठेवा, पाणी तिथवर येईल असं वाटलं तर मागे फिरा. पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्ट मारायची नाही म्हणजे नाही. पाणी दाबलं जात नाही, डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. ढकलून बाहेर काढा, टोचन करून गॅरेजला न्या. आणि स्टार्ट मारल्याने गेलेलं इंजिन साध्या फुल इन्शुरन्समध्ये बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. कोकणात येणं-जाणं असेल तर घ्याच.

गावाला आठ दिवस गाडी उभी असेल तर उंदीर वायरी खातात, रात्री बॉनेट उघडं ठेवलं तर आत उजेड आणि वारा राहतो, तेवढ्यानेही फरक पडतो. आणि समुद्राकाठच्या गावातून परत आल्यावर गाडी खालून धुवून घ्या, खारी हवा पत्र्याला सोडत नाही.

१३. पंपावर चुकून पेट्रोल भरलं तर?

घाबरू नका आणि गाडी चालू करू नका. चावी ऑनसुद्धा करू नका, बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेही टाकीतला पंप फिरतो आणि पेट्रोल पुढे जातं. न्यूट्रल करून बाजूला ढकला, टाकी रिकामी करून घ्या, बस. वेळीच लक्षात आलं तर नुकसान किरकोळ. चालवलीत तर मात्र गंभीर, कारण हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं, पेट्रोल ते धुऊन टाकतं, धातूचा चुरा पूर्ण लाइनमध्ये पसरतो आणि पंप, इंजेक्टर, पाइप सगळं बदलायची वेळ येते. "थोडंच गेलंय, वरून डिझेल भरा, चालतं" असं पंपावरचा माणूस म्हणेल. चाळीस वर्षांपूर्वीच्या जीपला चालत असेल, या इंजिनला नाही.

पेट्रोलचं नोझल बारीक असतं, ते डिझेलच्या तोंडात आरामात जातं, म्हणून ही चूक याच दिशेने जास्त होते. झिरो बघतो तसं नोझलही बघायचं, गाडीतून उतरून. टाकीच्या झाकणावर मोठ्या अक्षरात डिझेल लिहून घ्या. काचेवरच्या एचएसआरपी स्टिकरचा रंगही कामाला येतो, डिझेलला केशरी, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा.

१४. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल येतंय, म्हणून डिझेल घ्यावं का?

२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे, त्याने अ‍ॅव्हरेज थोडं कमी होतं हे खरं आणि डिझेलला त्याचा संबंध नाही हेही खरं. पण तेवढ्यासाठी डिझेल घेऊ नका. तुमचं रनिंग प्रश्न ३ मध्ये बसत नसेल तर इथेनॉलपेक्षा डीपीएफ जास्त महाग पडेल.

१५. डीपीएफ काढून टाकून रिमॅप करून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून) मिळतं, ताकद पण वाढते. करू का?

नका करू. बेकायदा आहे, वॉरंटी जाते, अपघात झाला तर इन्शुरन्सवाला हात वर करू शकतो. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी मागे स्कूटरवर लहान मूल घेऊन बसलेल्या बाईच्या तोंडावर ती काजळी जाते. जाळी सारखी भरत असेल तर चूक गाडी निवडण्यात झालीय, ती विकून पेट्रोल घेणं बरोबर.

१६. सेकंड हँड घ्यायची आहे, बीएस-४ डिझेल की बीएस-६?

बहुतेक बीएस-४ डिझेल गाड्यांना डीपीएफ नाही, म्हणून शहरातल्या कमी रनिंगवाल्याला त्या वापरायला सोप्या. २०१६ ते २०२०ची व्हिटारा ब्रेझा याच कारणाने अजून मागणीत आहे, तिचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन कुठल्याही तालुक्याच्या गावातला मेकॅनिक उघडतो. पण आयुष्याची वर्षंही मोजा, १५ वर्षांनी रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागतं, वर पर्यावरण कर.

बीएस-६ बघत असाल तर आधीचा मालक कुठे आणि कसा फिरायचा हे सगळ्यात आधी विचारा. पाच वर्षांत वीस हजार किमी चाललेली डिझेल गाडी ऐकायला छान वाटते, मला ती बघून काळजी वाटते, ऐंशी हजार हायवेला चाललेली मी आधी घेईन. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू दे, आधीच तापवून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. थंड स्टार्टला किती वेळ घेते, धूर कसा येतो, क्लच सोडताना खडखड येते का ते ऐका, आणि स्कॅनर लावून डीपीएफ किती भरलंय आणि शेवटचं रिजन किती किमीपूर्वी झालं ते बघा. डिपस्टिक काढायला विसरू नका (प्रश्न ११).

१७. माझी गुरुग्रामला बदली होऊ शकते. डिझेल तिकडे चालेल का?

दिल्ली एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आधी हरित लवादाने आणि मग २०१८ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली, पुढेही यावर कोर्टात आणि सरकारात बरंच मागे-पुढे झालंय, त्यामुळे जायच्या वेळचा नियम बघूनच ठरवा. गाडी नवीन असेल तर लगेच अडचण नाही, पण हिवाळ्यात प्रदूषण वाढलं की जुन्या नॉर्म्सच्या डिझेल गाड्यांवर तात्पुरतीही बंदी येते. याच्या उलट, तिकडच्या सात-आठ वर्षांच्या डिझेल गाड्या स्वस्तात इकडे आणून विकतात. त्या घेताना एनओसी आणि इथला रोड टॅक्स भरून इथला नंबर होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

१८. लेहला डिझेल गाडी घेऊन गेलो तर थंडीत डिझेल गोठतं का?

जून ते सप्टेंबरमध्ये जाणार असाल तर काळजी नाही, उलट टर्बोमुळे विरळ हवेत ताकद फारशी पडत नाही. कडक हिवाळ्यात साधं डिझेल घट्ट होतं. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ला लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं विंटर डिझेल आणलं, तिकडे वर पोचल्यावर तेच भरा, खालून आणलेली टाकी जमेल तेवढी संपवून. डीईएफ उणे ११ ला गोठतं, टाकीला हीटर असतो, पण सुटा कॅन डिकीत ठेवला असेल तर तो गोठणार. सकाळी स्टार्ट करताना ग्लो प्लगचा (थंड इंजिन आतून तापवणारा प्लग) स्प्रिंगसारखा दिवा विझेपर्यंत थांबा, ही सवय पुण्यातही चांगली.

१९. दोन महिने परदेशी मुलाकडे जाणार आहोत. गाडी कशी ठेवून जाऊ?

जायच्या आदल्या दिवशी हायवेला तासभर चालवून आणा म्हणजे अर्धवट रिजन राहणार नाही. टाकी फुल ठेवा, रिकामी टाकी म्हणजे बाष्पाला जागा. टायरमध्ये हवा थोडी जास्त, हँडब्रेक सोडून गिअरमध्ये, चाकांना दगड. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली तर उत्तम. शेजाऱ्यांना किल्ली देऊन "रोज पाच मिनिटं चालू करा काका" असं सांगून जाऊ नका, थंड इंजिन उभ्या उभ्या पाच मिनिटं चालवलं की काजळीच साठते. ते पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास बाहेर फिरवून आणणार असतील तरच किल्ली द्या, नाहीतर गाडी शांत उभी राहिलेली चांगली. परत आल्यावर बॅटरी जोडा, बॉनेट उघडून वायरी बघा, स्टार्ट केल्यावर रेस न देता हळू निघा, आणि पहिली चक्कर भाजी आणायला नको, मोकळ्या रस्त्याची मारा.